दोन बोटं माया

कौसल्या तोंडात टाचण्या धरून बोलायची आणि तरी तिचा शब्द न् शब्द समजायचा. टाचण्या काढून बोलायला लागली, की मात्र समोरच्याने सांभाळून राहावं. जुन्या जालन्यात आमच्या घरामागच्या गल्लीत, एका खोलीत, ती ब्लाऊज शिवत असे. खोलीत एक मशीन आणि एक खाट. खाटेवर शिवायचे कपडे, खाटेखाली शिवून झालेले. गिऱ्हाईक आलं की ती बसल्या जागेवरून पायानेच खाटेखालचं गाठोडं पुढे ओढी. "तुमचं लाल काठाचं व्हय? घ्या. काखेत घट्ट वाटलं तं सांगा, लाजू नका."

एक्क्याऐंशी साली जालना जिल्हा झाला आणि गावात ब्लाऊज वाढले, असं आमचे हे म्हणत. वकील असल्यामुळे कचेरीत कोण कोण नवीन येतं ते त्यांना दिसे. साहेब आले, साहेबांच्या मागोमाग त्यांच्या बायका आल्या, मग टेबलामागे बसणाऱ्या मुली आल्या. त्यांच्या आयांचं वर्ष दोन ब्लाऊजवर निघत होतं. मुलींना आठवड्याचे सहा लागू लागले आणि त्यातले निम्मे कौसल्येकडे येऊ लागले.

मी सिकंदराबादला सिस्टरांच्या शाळेत शिकले. तिथे शिवण होतं, पण ते इंग्रजीतून. रुमालाच्या कोपऱ्यात फूल काढता येई, पण ब्लाऊजला बाही जिथे जोडतात त्या घेराला मुंढा म्हणतात हे मला कौसल्येकडून कळलं. माया हा शब्दही तिचाच. शिवणीच्या आत थोडं जादा कापड ठेवतात, पुढे अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून. त्या कापडाला माया म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तिला पुन्हा विचारलं, "काय म्हणालीस?"

"माया. बोटभर सोडायची असती. ज्या टेलरला माया न्हाई, वहिनी, त्याच्याकडं कापड टाकू नये."

कौसल्या मूळची हसनाबादची, शेतकऱ्याच्या घरातली. सातवी झाल्यावर तिला राजूरला दिली. सासर गणपतीच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे दर चतुर्थीला घरात पाहुणे आणि अंगारकीला पाहुण्यांचेही पाहुणे. उपास सगळ्यांचाच असे. चंद्र उगवला की आधी घरातले पुरुष बसत, मग पाहुणे, मग पोरं, मग उशिरा पोचलेले पाहुणे. बायकांचाही सकाळपासून उपासच, पण त्या बसत तेव्हा भाताची खरपूड आणि पाणी घालून वाढवलेलं वरण एवढंच उरलेलं असे. याबद्दल त्या घरात कुणी कधी काही बोललं नव्हतं. बोलायचं असतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

शेजारी पेढ्यांचं दुकान होतं. तिथे पुडे बांधायला रद्दी येई आणि त्या रद्दीत एका साप्ताहिकाचे जुने अंक असत. दुकानदाराच्या पोरांची बटणं लावून देण्याच्या बदल्यात कौसल्या ते अंक फाडण्याआधी वाचायला घेई. त्यांत सुहासिनी आगटे यांची कादंबरी क्रमशः येत होती. कादंबरीचं नाव जोडाक्षरांनी भरलेलं होतं. कौसल्या तिला ‘उमाची कादंबरी’ म्हणायची. अंक हाताला लागतील तसे वाचायचे, सातवा आधी आणि तिसरा मागून. ती म्हणे, "ब्लाऊजचे तुकडे कापून पडले की कोनता कुठं बसतो ते कळतं ना, तसंच हाय ते."

एका अंकात उमा भरल्या पंगतीत सासऱ्यांच्या शेजारी ताट घेऊन बसते आणि म्हणते, "मलाही भूक लागली आहे." त्या पानावर पेढ्याच्या तुपाचा डाग होता. कौसल्येने ते पान पुन्हा पुन्हा वाचलं आणि पुढची अंगारकी आली तेव्हा स्वतः तसंच केलं. सासरे रखमाजी यांच्या शेजारी ताट ठेवून ती बसली.

"मलाबी भूक लागलीय."

रखमाजींचा घास हातातच राहिला. पाहुणे आपापल्या ताटाकडे बघू लागले. सासू गोजरबाई परात धरून उभी होती.

"मंग बस की," गोजरबाई म्हणाली. "तुला कुनी धरलंय?"

"तसं न्हाई, आत्याबाई, म्हंजे..."

"मलाबी लागलीय." गोजरबाईने परात खाली ठेवली आणि सुनेच्या शेजारी फतकल मारली. "लगीन झाल्यापून लागलीय. कुनी इचारलं न्हाई, म्या सांगितलं न्हाई."

"पर मंग वाढनार कोन?" रखमाजींनी विचारलं.

"ज्याला हात हायती त्यो."

उठला तो कौसल्येचा नवरा, देवानंद. त्याने सगळ्या पंगतीला मोदक वाढले आणि एका पाहुण्याच्या मांडीवर तुपाची वाटी उपडी केली. राजूरला लोक हा प्रसंग सांगायचे तेव्हा कौसल्येचं नाव सांगत नसत, तुपाच्या वाटीचं सांगत. पण त्या घरात तेव्हापासून सगळे एकदम जेवायला बसू लागले. भांडण नाही, तंटा नाही. पुढे देवानंदला जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत गाडीवर काम मिळालं, म्हणून दोघं इकडे आली.

इथे आल्यावर मी तिला दर गुरुवारी आमच्याकडचं साप्ताहिक देऊ लागले. हूक लावताना, काजं करताना ती वाचायची, आणि ब्लाऊज न्यायला आलेल्या बायकांना उमाची गोष्ट सांगायची. तिच्या सांगण्यात उमा शेवटी सासूला घेऊन शहरात खानावळ घालते आणि तिथे वाढणाऱ्या बायका आधी जेवतात. पेढेवाल्याच्या रद्दीत कादंबरीचे शेवटचे अंक कधी आलेच नव्हते. मी एकदा म्हटलं, "वाचनालयात पुस्तक असेल, आणून देऊ का?"

"काहून? शेवट मला ठावं हाय. म्या सोता करून पाह्यला."

मीही ते पुस्तक वाचलेलं नव्हतं. त्यामुळे खानावळ मला खरीच वाटत होती.

सत्त्याऐंशी साली तिने स्टेशनच्या रस्त्याला एक गाळा घेतला. दोन मशिनी, कापायचं टेबल, भिंतीला आरसा. बद्रीनाथ पेंटरकडून बोर्ड रंगवून घेतला : ‘उमा लेडीज टेलर. ब्लाऊज, परकर, फ्रॉक. फॉल-पिको करून मिळेल.’ त्याच सुमारास आमच्या महिला मंडळाचा वर्धापनदिन होता आणि पाहुण्या म्हणून सुहासिनीताईंनी यायचं कबूल केलं होतं. मी चिटणीस. कौसल्या टाचण्या काढून माझ्यासमोर उभी राहिली.

"वहिनी, फीत ताईच कापतील. बोर्डावरची चादर बी त्याच काढतील. तुमी इचारा."

मी विचारलं. पाच मिनिटं नक्की येईन, असं त्यांनी कळवलं. त्या दिवसापासून गल्लीतल्या प्रत्येक बाईला ब्लाऊजसोबत ही बातमी मिळू लागली.

मंडळाने पाहुण्यांना नारायणपेठी साडी द्यायची ठरवली. कार्यक्रमात नेसता यावी म्हणून ब्लाऊजही शिवूनच द्यायचा. त्यासाठी मापाचा ब्लाऊज मागवला. तो आला तेव्हा कौसल्येने हात धुऊन घेतले, मग तो टेबलावर पसरला आणि बराच वेळ नुसती बघत राहिली.

"वहिनी, ह्ये लई दिवसांचं हाय."

"कशावरून?"

"हुका बघा ना. असल्या हुका आता बाजारात न्हाईत. अन् काखेत जरा बी झिजलेलं न्हाई. पेटीत ठिवलेलं दिसतंय."

"मग पुन्हा विचारून घेऊ या का माप?"

तिने टाचण्या काढल्या. "ताईंना? तुमचं माप चुकलं म्हनून? बिलकुल न्हाई." मग खडू उचलला आणि कापडावर रेघ ओढता ओढता म्हणाली, "दुसऱ्याला बोटभर सोडते, ताईंना दोन बोटं सोडते."

देवानंद दारात बिडी विझवत होता. "माझ्या सदऱ्याला सूतभर बी सोडली न्हाई कधी."

"तुमचं अंग वाढतंय का कुठं? नुसती जबान वाढून राह्यली."

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी सुहासिनीताई पुण्याच्या रात्रीच्या एस.टी.ने आल्या. उतरल्या आमच्याकडेच. पुस्तकावर छापतात तो फोटो आणि पायऱ्या चढणाऱ्या बाई यांच्यात बरीच वर्षं गेलेली होती. गुडघे धरत, दर पायरीला थांबत त्या वर आल्या. बोलायला मात्र मोकळ्या. चहा दोन वेळा घेतला आणि आमच्या ह्यांच्याशी कोर्टातल्या गमती बोलत बसल्या.

कौसल्या दुपारी आली. नवं लुगडं नेसलेली, हातात नारळ. बरोबर गोजरबाई, फीत कापायचा सोहळा बघायला आदल्या दिवशीच राजूरहून आलेली. दोघी माजघरात थांबल्या आणि सुहासिनीताई आत साडी नेसायला गेल्या. थोड्या वेळाने आतून आवाज आला.

"अहो, हे कुणी शिवलं? हात जाईना माझा! मी माप धाडलं होतं ना? इकडे मापं घ्यायची काही पद्धत आहे की नाही?"

कौसल्येच्या चेहऱ्यावर पाहुण्यांसाठी आणलेलं हसू होतं. ते तसंच राहिलं, फक्त त्याचा उपयोग संपला. तिने नारळ गोजरबाईच्या हातात दिला आणि दाराशी गेली.

"ताई, म्या शिवलं. काढून द्या. जल्दी करून देते. माया हाय आत."

"काय आहे आत?"

"माया."

सुहासिनीताईंनी दार किलकिलं करून माझ्याकडे पाहिलं. मी समजावून सांगितलं. "असं होय," त्या म्हणाल्या. "मला शिवणातलं खरंच काही कळत नाही हो." आणि ब्लाऊज बाहेर दिला.

माझं मशीन पडवीत होतं. कौसल्या शिवणी उसवायला बसली. शाल गुंडाळून, पाय स्टुलावर ठेवून सुहासिनीताई तिच्यासमोर बसल्या. मघाचं बोलणं त्या विसरूनही गेल्या होत्या. कौसल्याही विसरली असावी, किंवा विसरायचं ठरवलं असावं, कारण इतक्या वर्षांचं साठलेलं तिला सांगायचं होतं. तिने उमाचं नाव घेतलं.

"कुठली उमा?" सुहासिनीताई म्हणाल्या. मग कपाळाला हात लावून, "हां, हां! ती ताट घेऊन बसते ती."

"तीच ती!" कौसल्येने राजूरच्या अंगारकीची सगळी हकिकत सांगितली. गोजरबाईने मध्ये मध्ये दुरुस्त्या केल्या. तुपाची वाटी आली तेव्हा सुहासिनीताई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"छानच हो. आणि मग शेवट वाचल्यावर काय केलंत?"

"कोनता शेवट?"

"शेवटी उमा माफी मागते ना. सासूचे पाय धरते. दुसऱ्या दिवशी सणाला सगळ्यांचं झाल्यावर, मागे, भिंतीकडे तोंड करून बसते. तिथे तर बायका रडायच्या."

मशीन थांबलं.

"माफी काहून मागती ती?" कौसल्येने विचारलं.

"अहो, पत्रांचा ढीग आला होता. संपादक म्हणाले, घरं मोडायला निघालात की काय. मलाही वाटलं, शेवट गोड असावा. गोष्टीत एखादं असं लिहायला ठीक असतं, पण संसारात नाही चालत. मी स्वतः अजून सगळ्यांचं झाल्यावरच जेवते."

हे त्या कुरकुरीने म्हणाल्या नाहीत. पाणी गार आहे, चहा गरम आहे, अशा आवाजात म्हणाल्या.

गोजरबाई पुढे सरकली. "सासूचे पाय धरले? अन् सासू काय करून राह्यली होती?"

"ती डोळ्यांना पदर लावते."

"अन् जेवली का न्हाई?"

सुहासिनीताई विचारात पडल्या. "ते बहुतेक मी लिहिलेलं नाही."

"बघा वकिलीनबाई," गोजरबाई माझ्याकडे वळून म्हणाली. "सासूला उपाशीच ठिवली."

कौसल्या हसली नाही. खाली मान घालून तिने राहिलेली शिवण पुरी केली, दोरा तोडला आणि ब्लाऊज माझ्या हातात दिला, ताईंच्या हातात दिला नाही. ब्लाऊज असा बसला, की सुहासिनीताई आरशासमोरून हलेनात. "वा! हात फार चांगला आहे तुमचा," त्या म्हणाल्या. सकाळी हेच ऐकलं असतं तर कौसल्येने ते वर्षभर गल्लीत पुरवून सांगितलं असतं. आता ती नुसतं "बरं" म्हणाली.

दुकानाचं तिने काही काढलं नाही. मीच ताईंना आठवण करून दिली.

"फीत ना? लक्षात आहे माझ्या. कार्यक्रम झाला की लगेच जाऊ या."

भाषण चांगलं झालं, खोटं कशाला सांगू? सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशा शांततेत बायकांनी ते ऐकलं. मागच्या रांगेत बसलेली कौसल्या मध्येच उठून गेली. भाषण संपलं आणि बाहेर एका बड्या बियाणेवाल्यांची मोटार उभी होती. शेठाणीबाईंनी चहाला बोलावलं होतं, तिथूनच पुढे गाडीवर पोचवायची सोय होती. सुहासिनीताईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "फीत तुम्हीच कापा ना. माझे गुडघे आज अगदीच बोलताहेत." मोटारीचं दार लागलं.

त्यांचे गुडघे खरोखर सुजलेले होते, मी सकाळी पाहिले होते. तरी स्टेशनच्या रस्त्याने चालताना हे कौसल्येला कसं सांगायचं तेच मला सुचेना.

दुकानासमोर गल्लीतल्या सातआठ बायका उभ्या होत्या. दाराला लाल फीत. बोर्डावर फुलाफुलांची चादर, खिळ्यांना अडकवलेली. बद्रीनाथ पेंटर शिडी घेऊन हजर, चादर काढायला. कौसल्या आत कापायच्या टेबलाशी स्टुलावर बसली होती. मी एकटीच येताना पाहून तिनेच विचारलं.

"न्हाई आल्या ना? बरं झालं."

"गुडघे दुखत होते त्यांचे."

"दुखू द्या. आल्या असत्या तं म्या काय दाखवलं असतं? पाय धरनारीच्या नावाचा बोर्ड?" तिच्या तोंडात एकही टाचणी नव्हती. "बद्रीभाऊ, नाव खोडा."

बद्रीनाथने डोकं खाजवलं. "खोडतो की. पर दुसरं काय लिहू ते सांगा. रंग वाळायला वेळ लागतो."

बायकांनी नावं सुचवली. कुणी गणपतीचं म्हणालं, पण त्या नावाचे तीन टेलर याच रस्त्याला होते. कुणी कौसल्येच्या आईचं विचारलं. देवानंद म्हणाला, "माझंच लिहा. देवानंद लेडीज टेलर. बायकांची रांग लागंल."

बायका हसल्या, कौसल्या हसली नाही. "तुमाला समजत न्हाई. म्या लोकांना खोटं सांगून राह्यले इतकी वर्सं. उमा अशी, उमा तशी. ज्यांनी लिवलं त्यांनाच ती नको होती."

गोजरबाई नारळ मांडीवर घेऊन दुकानाच्या पायरीवर बसली होती. ती तिथूनच बोलली, मागे न बघता.

"त्या बाईच्या सुनेनं धरले आसतील पाय. तू धरलेस का माझे?"

"न्हाई."

"मंग? म्या आठ वर्सं झाली ऊन भाकर खाऊन राह्यले. ती काय त्या बाईनं वाढली व्हय मला?"

"पर आत्याबाई, नाव तं त्यांचं हाय ना."

"नावाचा काय सातबारा असतो का?"

यावर कुणी काही बोलायच्या आत रस्त्यावरून एक बाई घाईघाईने आली. डोक्यावर पदर, काखेत पिशवी, हातात कागदात गुंडाळलेली नवी साडी. बायकांना बाजूला सारून ती थेट दुकानात शिरायला गेली आणि फितीत अडकली. पिशवी इकडे, ती तिकडे.

"ही दोरी काहून बांधलीय? बकऱ्या येतात का आत?"

सगळ्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. बाईला त्याचं काही नव्हतं. "फॉल लावून मिळंल का? भाचीची साडी हाय, उद्या हळद. अन् भोकरदनची शेवटची गाडी धरायची मला. सगळ्या दुकानांत उद्या या म्हनतात. उद्या येऊन म्या काय करू? नवरी परकरावर बसवू?"

"फॉल कोनत्या रंगाचा आनला?" कौसल्येने विचारलं.

"बराबर मॅचिंग हाय, बघा की."

पण बघायला साडी आत यायला हवी आणि मध्ये फीत. कौसल्येने फितीकडे पाहिलं. मग टेबलावरची मोठी कात्री घेतली आणि शिवणीतून आलेला दोरा कापावा तशी फीत कापली. टाळ्या वाजवायचं कुणाला सुचलंच नाही. एक टोक बाईच्या पिशवीला चिकटलं ते तसंच राहिलं. गोजरबाईने तेवढ्यात उठून नारळ उंबऱ्यावर आपटला. पाणी बद्रीनाथच्या पायावर उडालं.

"बसा इथं," कौसल्या बाईला म्हणाली. "नाव काय तुमचं?"

"तुळजाबाई."

"तुळजाबाई, गाडी चुकनार न्हाई."

तिने साडीचा काठ टेबलावर पसरला, हाताने सपाट केला, फॉल लावून पाहिला आणि टाचण्या तोंडात धरल्या. दुपारपासून पहिल्यांदा. नवं मशीन जरा कुरकुरत होतं, मग सुरळीत चालायला लागलं. गल्लीतल्या दोघीजणी आपणहून पुढे आल्या आणि साडीचं दुसरं टोक जमिनीला लागू नये म्हणून धरून उभ्या राहिल्या. तुळजाबाई उद्याच्या हळदीला कोण कोण येणार ते सांगत होती आणि नवऱ्या मुलाच्या आत्यांना नावं ठेवत होती. कौसल्या तोंडातल्या टाचण्यांतून "हां, हां, मंग?" करत होती. मी आरशाखाली बसून घेतलं. माझ्या हातातला मोगऱ्याचा गजरा, जो फीत कापणाऱ्या हातांसाठी आणला होता, तो गोजरबाईने घेऊन मशीनला बांधला.

काम झालं. साडीची घडी घालून कौसल्येने ती कागदात बांधली. तुळजाबाई दारापर्यंत गेली आणि परत फिरली.

"चांगलं बसवलं हो. आमच्याकडं अजून दोन लग्नं हायती. परत आले तं काय नाव सांगून इचारू? वर तं नुसती चादर लावलीय."

बद्रीनाथने शिडीवरचा पाय काढला. कौसल्या दोऱ्याचं रीळ गुंडाळत होती, ती तशीच थांबली.

"उमा," ती म्हणाली. मग जरा मोठ्याने, "उमा लेडीज टेलर."

"अन् उमाबाई कोन? तुमी?"

"हां. मीच."

"मंग उमाबाई, येते म्या," म्हणत तुळजाबाई गाडीकडे पळाली.

देवानंदने कपाळाला हात लावला. "ऐकलं का सगळ्यांनी? मंग म्या इतकी वर्सं कुनासंगं संसार करून राह्यलो?"

"उपाशी ठिवलं का तुमाला कधी?"

"न्हाई."

"मंग बोलू नका. चादर काढा ती."

चादर एका खिळ्याला अडकून फाटली. ती चादर गोजरबाईने हौसेने राजूरहून आणलेली होती, त्यावरून तिथे आणखी एक भांडण झालं. ते मी पुरतं ऐकलं नाही. मला घरी जाऊन पाहुण्यांच्या खोलीची आवराआवर करायची होती.

पुढे स्टेशनच्या रस्त्यावर तिला कौसल्या म्हणणारं कुणी उरलं नाही. पंजाबी ड्रेस आले, तयार ब्लाऊज आले, तरी दुकान चाललं. दोनाच्या चार मशिनी झाल्या. सुहासिनीताईंबद्दल ती वाईट बोलली नाही. कुणी विचारलंच तर म्हणे, "बाई दमलेल्या होत्या, बिचाऱ्या." पण त्यांच्या हातून फीत कापून घ्यायची असं एखादीने कधी ठरवलं, तर तिला ही आधी चहा पाजायची आणि त्या नादी लागू नको म्हणून समजूत घालायची.

वाचायचं मात्र तिने सोडलं नाही. सुहासिनीताईंच्या आणखी तीन कादंबऱ्या त्या साप्ताहिकातून आल्या. दर गुरुवारी मी अंक घेऊन दुकानात जायची आणि ती माझ्या हातातून तो ओढूनच घ्यायची. पहिल्याच पानावर कोण कुठे पोचलं ते बघायची. फक्त एक नियम तिने केला होता. गोष्ट संपत आली, की ती मला बजावून सांगे, "वहिनी, शेवटचा अंक आनू नका. तुमच्याकडंच राहू द्या. हितून पुढं म्या बघते."

मग आठ-पंधरा दिवस ती गिऱ्हाइकांना शेवट सांगायची. एकदा मी बसलेली असताना एका शाळेतल्या बाईंनी तिला मध्येच थांबवलं. त्यांनी तो शेवटचा अंक वाचला होता.

"अहो उमाबाई, असं नाहीये. त्यात ती परत जाते."

उमाबाईने तोंडातल्या टाचण्या हलूसुद्धा दिल्या नाहीत. बाईंच्या पाठीवर टेप लावत म्हणाली, "छापताना चुकलं आसंल. हात वर करा जरा."